धमनीतला मेद आणि धमनीतला चुना

डायलिसिसवरच्या माणसाच्या एक्स-रे रिपोर्टात ‘रक्तवाहिन्यांत कॅल्शियम’ असं आलं की घरात लगेच कोलेस्टेरॉलचा विषय निघतो. तूप बंद होतं, कुणी आवळ्याचा रस आणून देतं. पण किडनी निकामी झालेल्यांच्या धमन्या दोन तऱ्हांनी बिघडतात, आणि दोन्हींचा उपाय एक नाही.

पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची. धमनीच्या आतल्या अस्तरात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, शिरतं, तिथं त्याचं ऑक्सिडेशन होतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, दाह धुमसत राहतो आणि मेदाचा थर साचतो. वाट अरुंद होते. थर फाटला की गुठळी धरते आणि हार्ट अटॅक येतो.

दुसऱ्या तऱ्हेत बिघाड होतो तो धमनीच्या मधल्या, स्नायूंच्या थरात. रक्तातला फॉस्फरस सतत चढा राहिला की तिथल्या स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि भिंतीत कॅल्शियम-फॉस्फेटचा चुना बसतो. वाट मोकळीच राहते, पण भिंत ताठरते. मग वरचं बीपी चढतं आणि खालचं उतरतं, म्हणजे १७०/६५ असे आकडे दिसतात. ताठ धमनीत रक्त ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. एक्स-रेत हा चुना रुळांसारख्या दोन समांतर रेघांत दिसतो, मेदाच्या थरातला चुना तुटक ठिपक्यांत. एकाच माणसात दोन्ही असणं अगदी नेहमीचं आहे.

पायाच्या तपासणीत इथंच फसगत होते. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी हे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं तर पायाचा रक्तपुरवठा कमी समजतात. चुना बसलेली धमनी पट्ट्यानं दाबलीच जात नाही, त्यामुळे आकडा १.४ च्या वर जातो किंवा खोटाच ‘नॉर्मल’ येतो. मधुमेह असेल आणि पायाची जखम भरत नसेल, तर पायाच्या अंगठ्याचं बीपी मोजायला सांगा.

औषधांतही हाच फरक दिसतो. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध मेदाच्या थरावर काम करतं. डायलिसिसच्या रुग्णांवर झालेल्या ‘फोर-डी’ (२००५) आणि ‘ऑरोरा’ (२००९) या चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरलं, पण अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावर स्टॅटिन सहसा नव्यानं सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर स्वतःहून थांबवू नका.

अँटिऑक्सिडंटची, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणाऱ्या पदार्थांची, आशाही पहिल्या तऱ्हेवरच बेतलेली आहे. २००० सालच्या ‘स्पेस’ चाचणीत १९६ डायलिसिस रुग्णांपैकी ज्यांना रोज ८०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं, त्यांचे हृदयविकाराचे प्रसंग घटले. मृत्यू घटले नाहीत. एवढ्या लहान चाचणीवर रोजची गोळी सुरू करावी असं आम्हाला वाटत नाही. चुना विरघळवणारं अँटिऑक्सिडंट तर कुठलंच नाही.

दाह मात्र दोन्हींना जोडतो. रक्तात चुना जमू न देणारं फेट्युइन-ए हे प्रथिन यकृत बनवतं, आणि अंगात दाह असला की ते घटतं. म्हणून दाह वाढवणारा मानेतला कॅथेटर (डायलिसिसची नळी) शक्य तितक्या लवकर काढून फिस्टुला (हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली डायलिसिसची जागा) वापरणं आणि हिरड्यांवर उपचार घेणं महत्त्वाचं.

चुन्याविरुद्धचं खरं काम जेवणाच्या ताटावर होतं. चार तासांचं एक डायलिसिस साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस काढतं, म्हणजे जेमतेम एका दिवसाच्या खाण्यातला. बाकीचा बायंडरनं, म्हणजे फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळीनं, आतड्यातच अडवायचा. गोळी जेवणासोबतच घ्या, सर्वांत मोठा डोस सर्वांत प्रथिनयुक्त जेवणाला. रिकाम्या पोटी घेतलेली कॅल्शियमची बायंडर गोळी फॉस्फरस तर अडवत नाहीच, उलट शरीरात जादा कॅल्शियम घालते. डब्यासोबतची दुपारची गोळी सर्वांत जास्त चुकते. ती डब्यातच ठेवा. डाळीतला फॉस्फरस निम्म्याच्या आसपास शोषला जातो, पण कोला आणि प्रोसेस्ड चीजमध्ये मिसळलेला जवळजवळ सगळा. आधी ते बंद करा, वरण नंतर. रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांशी बोला: ते व्हिटॅमिन के अडवतं, आणि धमनीला चुन्यापासून वाचवणाऱ्या एका प्रथिनाला तेच लागतं.

आवळ्याच्या रसाबद्दल: जादा व्हिटॅमिन सीचं ऑक्सलेट होतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि ते अवयवांत साचतं. सगळं मिळून दिवसाला ६० ते १०० मिलिग्रॅम पुरे. कमरख (स्टारफ्रूट) मात्र एक फोडही नको. त्यातलं विष मेंदूवर चढतं: न थांबणारी उचकी, मग गोंधळ, मग झटके. असं झालं तर ताबडतोब डायलिसिस युनिट गाठा.