नोटर डेम विद्यापीठाचा १९२४ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी असलेल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने ४ ऑक्टोबर १९२४ ते १ जानेवारी १९२५ या काळात खेळलेला हंगाम. प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या या संघाने दहाच्या दहा सामने जिंकले, एकूण २८५ गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना ५४ गुण दिले. ‘फोर हॉर्समेन’, म्हणजे चार घोडेस्वार, या नावाने अमेरिकी क्रीडाइतिहासात अमर झालेली मागची फळी याच संघाची. त्या नावाची झळाळी एवढी मोठी आहे, की हंगामाचा खरा आधार असलेली पुढची फळी, राखीव खेळाडूंचा खुबीने केलेला वापर आणि हजारो मैलांचा रेल्वेप्रवास या गोष्टी तिच्यामागे झाकल्या जातात.

अमेरिकन फुटबॉलचे आपल्याकडच्या फुटबॉलशी नाते नावापुरतेच आहे. तो रग्बीतून विकसित झालेला, अंडाकृती चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचा खेळ आहे. चेंडू रेषेपलीकडे नेला की ‘टचडाउन’चे सहा गुण, त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचा एक आणि मैदानातून लाथेने साधलेल्या ‘फील्ड गोल’चे तीन गुण, अशी त्या काळची गणना होती. तेच अकरा खेळाडू चढाई आणि बचाव ही दोन्ही कामे करीत. बदली खेळाडूंबाबतचे नियम कडक होते आणि एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला हवे तेव्हा परत येता येत नसे. व्यावसायिक फुटबॉल अजून बाल्यावस्थेत होता. लाखो प्रेक्षकांचे लक्ष शनिवारी दुपारच्या महाविद्यालयीन सामन्यांकडे असे.

रॉकनी यांचा जन्म १८८८ मध्ये नॉर्वेतील व्हॉस येथे झाला. पाच वर्षांचे असताना ते शिकागोला आले, शालेय शिक्षणानंतर काही वर्षे त्यांनी टपाल खात्यात काम केले आणि १९१० मध्ये, सहाध्यायांपेक्षा वयाने बरेच मोठे असताना, नोटर डेममध्ये प्रवेश घेतला. १९१३ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या (आर्मी) बलाढ्य संघाला नोटर डेमने ३५–१३ असे हरवले, तेव्हा गस डोराई यांनी लांब फेकलेले चेंडू झेलणारे खेळाडू हेच होते. १९१८ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचे आधीचे प्रशिक्षक जेसी हार्पर यांच्याकडून त्यांना ‘शिफ्ट’ ही चाल मिळाली होती. मागच्या फळीतले चार खेळाडू आधी एका रचनेत उभे राहत, इशारा होताच एकत्र उडी घेऊन डाव्या किंवा उजव्या बाजूला चौकोनात सरकत, आणि प्रतिस्पर्धी सावरण्याआधीच चेंडू हलत असे. ही चाल इतकी प्रभावी ठरली, की सरकल्यानंतर चेंडू हलवण्यापूर्वी पूर्ण एक सेकंद थांबण्याचे बंधन १९२७ मध्ये नियमांत घालावे लागले.

अशा चालीला वजनदार खेळाडूंपेक्षा चपळ आणि एकाच तालात हलणारे खेळाडू लागतात. क्वार्टरबॅक हॅरी स्टुलड्रेहर, हाफबॅक जिम क्रौली आणि डॉन मिलर, फुलबॅक एल्मर लेडन हे मागच्या फळीतले चौघे १९२२ च्या हंगामात एकत्र आले. त्यांच्यापैकी कोणाचीही उंची सहा फुटांपेक्षा जास्त नव्हती आणि कोणाचेही वजन १६२ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ७३ किलोंपेक्षा, अधिक नव्हते. पाच फूट सात इंचांचा स्टुलड्रेहर तर फुटबॉलपटू वाटतच नसे. चेंडू कोणाकडे आणि केव्हा द्यायचा याचा निर्णय मात्र मैदानात त्याचाच होता, कारण बाजूला बसलेल्या प्रशिक्षकाने खेळ सुरू असताना सूचना देण्यास नियमांची मनाई होती. १९२२ आणि १९२३ या दोन हंगामांत संघ फक्त दोन सामने हरला आणि दोन्ही वेळा तो नेब्रास्काकडून, लिंकन येथे. ही सल घेऊनच १९२४ चा हंगाम सुरू झाला.

मैदानाबाहेरची परिस्थितीही लक्षात घेतली पाहिजे. १९२४ मध्ये इंडियाना हा कू क्लक्स क्लॅन या वर्णवर्चस्ववादी आणि कॅथलिकद्वेष्ट्या संघटनेचा बालेकिल्ला होता. मे महिन्यात तिचा मेळावा साउथ बेंडमध्ये भरला, तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चकमकी झाल्या. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांना स्वतः जाऊन विद्यार्थ्यांना वसतिगृहांत परत आणावे लागले. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कठोर मर्यादा घालणारा स्थलांतर कायदा त्याच महिन्यात मंजूर झाला, आणि नोव्हेंबरमध्ये क्लॅनच्या पाठिंब्यावर एडवर्ड जॅक्सन इंडियानाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्क, शिकागो, पिट्सबर्ग अशा शहरांतील आयरिश, पोलिश, इटालियन कॅथलिक कष्टकऱ्यांना नोटर डेमचा विजय आपला वाटू लागला. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते विद्यापीठ पाहिलेलेही नव्हते. स्वतः रॉकनी मात्र तेव्हा ल्यूथरपंथी होते. त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला तो १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये.

संघाचे घरचे मैदान, कार्टियर फील्ड, लहान होते आणि तिकिटांचे मोठे उत्पन्न हवे असेल तर बाहेर जाणे भाग होते. हंगामातील दहापैकी सहा सामने बाहेर झाले. या सततच्या भ्रमंतीमुळे वृत्तपत्रे संघाला ‘रॉकनीचे भटके’ म्हणत. विद्यार्थ्यांचा एवढा काळ गाडीत जातो, यावर टीकाही होत असे. परंतु हा प्रवासच संघाला राष्ट्रीय करणारा ठरला असे म्हणावे लागेल, कारण त्या काळातील बहुतेक विद्यापीठांचा लौकिक आपापल्या प्रदेशापुरता मर्यादित होता.

पहिले दोन सामने घरी झाले आणि ते सोपे गेले. लोम्बार्डवर ४०–० आणि वॉबॅशवर ३४–० असे विजय मिळाले. १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सुमारे ५५,००० प्रेक्षकांसमोर आर्मीशी गाठ पडली. रॉकनी यांनी नेहमीप्रमाणे सुरुवातीला दुसरी फळी उतरवली. ‘शॉक ट्रूप्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या दमाच्या माऱ्याला तोंड द्यायचे, त्याला दमवायचे, आणि मग ताज्या दमाच्या मुख्य संघाने मैदानात यायचे, अशी ही पद्धत होती. बदलीचे नियम कडक असताना ती विशेष परिणामकारक ठरे, शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या चाली बाजूला बसून पाहण्याची संधी स्टुलड्रेहरला मिळे. लेडनने दुसऱ्या सत्रात आणि क्रौलीने तिसऱ्या सत्रात टचडाउन केले. आर्मीला हॅरी विल्सनने अखेरच्या सत्रात सात गुण मिळवून दिले आणि सामना १३–७ असा संपला.

आकड्यांकडे पाहिले तर हा अटीतटीचा, काहीसा रखडत जिंकलेला सामना होता. त्याच दिवशी इलिनॉयच्या रेड ग्रेंजने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन करून खेळ म्हणून कितीतरी मोठा पराक्रम केला होता. तरीही लोकांच्या स्मरणात पोलो ग्राउंड्सचा सामना कायम राहिला, तो ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मधील ग्रँटलंड राइस यांच्या वृत्तान्तामुळे. राइस यांनी नोटर डेमच्या चौघांना बायबलच्या अखेरच्या ग्रंथातील विनाशाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि दुष्काळ, रोगराई, विध्वंस व मृत्यू ही त्यांची टोपणनावे असून खरी नावे स्टुलड्रेहर, मिलर, क्रौली आणि लेडन अशी आहेत, असे लिहिले. या कल्पनेचा उगम रॉकनींच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा विद्यार्थी जॉर्ज स्ट्रिकलर याच्याकडे जातो. या चार घोडेस्वारांवर बेतलेला १९२१ चा मूकपट त्याने नुकताच पाहिला होता आणि मध्यंतरात पत्रकारांशी बोलताना त्याने त्याचा उल्लेख केला. वृत्तान्त छापून येताच स्ट्रिकलरने दुसरे काम केले आणि ते तितकेच महत्त्वाचे ठरले. संघ साउथ बेंडला परतताच त्याने चार घोडे मिळवले, चौघांना खेळाच्या पोशाखात, काखेत चेंडू देऊन त्यांवर बसवले आणि छायाचित्र काढवून घेतले. ते देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. प्रसिद्धीचे हे तंत्र आज नेहमीचे वाटते. १९२४ मध्ये ते नवे होते आणि विद्यार्थिदशेतील एका मुलाने ते हाताळले होते.

घोडेस्वारांपुढे उभी राहणारी सात जणांची फळी ‘सेव्हन म्यूल्स’, म्हणजे सात खेचरे, म्हणून ओळखली जाऊ लागली. सेंटर आणि कर्णधार अ‍ॅडम वॉल्श, गार्ड नोबल कायझर आणि जॉन वायबल, टॅकल जो बाख आणि एडगर ‘रिप’ मिलर, एंड चक कॉलिन्स आणि एड हनसिंगर हे ते सात जण. आर्मीविरुद्धच्या सामन्यात वॉल्श दोन्ही हातांची हाडे मोडलेली असताना खेळला. त्या काळी सेंटरला चेंडू दोन पायांमधून काही यार्ड मागे उभ्या असलेल्या खेळाडूकडे अचूक फेकावा लागे आणि पुढच्याच क्षणी समोरच्या खेळाडूला रेटावे लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामगिरीची किंमत कळते. आर्मीचा अखेरचा प्रतिकार मोडून काढणारा चेंडूही मध्येच झेलला तो वॉल्शनेच. नोटर डेमचे यश चौघांच्या नावावर जमा झाले, पण त्यांना वाट करून देणाऱ्या या सातांचा वाटा कमी नव्हता, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

पुढच्या आठवड्यात प्रिन्स्टनवर १२–० असा विजय मिळाला. दोन्ही टचडाउन क्रौलीचे होते. जॉर्जिया टेकला घरी ३४–३ आणि विस्कॉन्सिनला मॅडिसन येथे ३८–३ असे हरवून संघ १५ नोव्हेंबरला नेब्रास्कासमोर उभा राहिला. या वेळी सामना साउथ बेंडला होता. नेब्रास्काने सहा गुणांची आघाडी घेतली, पण त्यानंतर नोटर डेमने त्यांना मान वर काढू दिली नाही आणि ३४–६ असा निकाल लावून दोन वर्षांची परतफेड केली. नॉर्थवेस्टर्नविरुद्धचा सामना शिकागोच्या नव्या ग्रँट पार्क स्टेडियमवर (पुढे सोल्जर फील्ड) झाला आणि १३–६ असा कसाबसा जिंकला गेला. २९ नोव्हेंबरला पिट्सबर्ग येथे कार्नेगी टेकने १९ गुण केले, जे संपूर्ण हंगामात कोणत्याही प्रतिस्पर्ध्याने केलेले सर्वाधिक होते. नोटर डेमने ४० केले.

यानंतर कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे नववर्षदिनी होणाऱ्या रोझ बोल सामन्याचे निमंत्रण आले. प्रतिस्पर्धी होता ‘पॉप’ वॉर्नर यांचा अपराजित स्टॅनफर्ड संघ. थंडीतून थेट उबदार हवेत गेल्यास खेळाडू थकतील, म्हणून रॉकनींनी दक्षिणेकडचा लांबचा मार्ग निवडला. न्यू ऑर्लिन्स आणि ह्यूस्टन करीत, अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे मुक्काम आणि सराव करून संघ पॅसाडीनाला पोहोचला. वाटेवर जागोजागी कॅथलिक समाजाने त्यांचे स्वागत केले.

१ जानेवारी १९२५ च्या सामन्याला सुमारे ५३,००० प्रेक्षक होते. स्टॅनफर्डने फील्ड गोलने ३–० अशी आघाडी घेतली. लेडनने तीन यार्डांची धाव घेऊन उत्तर दिले आणि लगेचच स्टॅनफर्डने फेकलेला चेंडू मध्येच झेलून तो ७८ यार्ड पळवत नेला. तिसऱ्या सत्रात स्टॅनफर्डच्या खेळाडूच्या हातून उंच मारलेला चेंडू निसटला आणि हनसिंगरने तो उचलून वीस यार्डांवरून गोलरेषा गाठली. स्टॅनफर्डचा फुलबॅक एर्नी नेव्हर्स घोट्यांच्या दुखापतींतून नुकताच उठला होता. पाय पट्ट्यांनी आवळून तो सामनाभर खेळला, ३४ वेळा चेंडू घेऊन धडकला आणि त्याने ११४ यार्ड मिळवले. गुणफलक २०–१० असताना तो गोलरेषेपर्यंत येऊन थांबवला गेला. तो रेषेपार गेला होता, असा स्टॅनफर्डचा दावा होता, तो पंचांनी मान्य केला नाही. अखेरीस लेडनने पुन्हा एकदा चेंडू मध्येच पकडला, ७० यार्ड धावत नेला आणि सामना २७–१० असा संपला. मिळवलेल्या यार्डांच्या हिशेबात स्टॅनफर्ड पुढे होता. फरक पडला तो चुकांचा लाभ उठवण्यात, आणि त्यात लेडनची नजर निर्णायक ठरली. स्टुलड्रेहर पायाचे हाड मोडलेले असतानाही खेळत राहिला होता.

राष्ट्रीय विजेता ठरवणारी अधिकृत यंत्रणा तेव्हा नव्हती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची मतगणनाही १९३६ पासूनची. इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी पुढे तयार केलेल्या गणिती पद्धतीने मागील वर्षांचा हिशेब करून १९२४ चे अग्रस्थान नोटर डेमला दिले. इतर क्रमवारीकारांनीही हा संघ त्या वर्षीचा विजेता मानला. रॉकनींच्या कारकिर्दीतील हा पहिला सर्वमान्य राष्ट्रीय बहुमान होय.

रॉकनी १९३० पर्यंत प्रशिक्षक राहिले आणि त्यांच्या खात्यावर १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबरी जमा झाल्या. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमधील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या या संघातून प्रशिक्षकांची एक पिढीच निघाली. लेडन १९३४ ते १९४० या काळात नोटर डेमचे प्रशिक्षक आणि त्यानंतर व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त झाले. क्रौलींच्या हाताखाली फोर्डम विद्यापीठात व्हिन्स लोम्बार्डी हे पुढे नामवंत झालेले व्यावसायिक प्रशिक्षक खेळले. स्टुलड्रेहर यांनी व्हिलानोव्हा आणि विस्कॉन्सिन येथे संघ घडवले, तर डॉन मिलर वकिलीकडे वळले. अ‍ॅडम वॉल्श यांनी १९४५ मध्ये क्लीव्हलँड रॅम्स संघाला व्यावसायिक विजेतेपद मिळवून दिले. हंगामोत्तर सामन्यांत न उतरण्याचे धोरण विद्यापीठाने १९२५ च्या रोझ बोलनंतर स्वीकारले, आणि १ जानेवारी १९७० रोजी टेक्सासविरुद्धच्या कॉटन बोलपर्यंत ते पाळले.