पीळ काढलेली नळी

ठासणीची जुनी बंदूक कुठली नि केव्हाची हे ओळखायला बसलं की नजर आधी कळीवर जाते. घोड्याच्या शेजारच्या लोखंडी पट्टीवर राजमुकुट, 'टॉवर' हा शब्द आणि १८५६ किंवा १८६० असं साल. तेवढ्यावर 'एन्फील्ड रायफल' असा निकाल देऊन माणसं मोकळी होतात. पण कळ दोन स्क्रूंवर बसलेली असते, पाच मिनिटांत बदलता येते. दस्ता फुटला तर सुतार नवा करून देतो. बंदुकीचं शरीर म्हणावं अशी वस्तू एकच, नळी. आणि नळीची खरी जबानी तिच्या पाठीवर नाही, पोटात असते.

म्हणून आत बघायचं. मात्र तोंडाशी डोळा नेण्याआधी ती भरलेली नाही ना, याची खात्री करायची. ही उगाच घातलेली भीती नाही. पूर्वी बंदूक भरूनच खुंटीला टांगायची पद्धत होती आणि ठासणीच्या बंदुकीतून दारू-गोळी काढणं हे कटकटीचं काम. त्यामुळे अनेक नळ्या भरलेल्याच राहून गेल्या. तपासणी सोपी आहे. नळीचं तोंड स्वतःकडे न वळवता गज तळापर्यंत आत घालायचा, तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून नळीच्या बाजूने तेवढाच धरायचा. टोक कानापर्यंत, म्हणजे जिथून आत ठिणगी जाते तिथपर्यंत, पोचलं पाहिजे. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. अशा वेळी पुढचं काम जाणकाराचं. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिघांपैकी काहीही आपोआप नासत नाही. कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही ती पेटते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक जागीच गेला.

नळी रिकामी असेल तर आता टॉर्च लावून तिच्या आतल्या भिंतीवरच्या खाचा तोंडाशीच मोजायच्या. इथं गंमत सुरू होते, कारण एकोणिसाव्या शतकात प्रत्येक नमुन्याच्या खाचांचा हिशेब वेगळा होता. सात खाचा असतील तर १८०० च्या सुमाराची बेकर रायफल असू शकते. दोनच रुंद खाचा आणि गोळीच्या कमरेला पट्टा, ती ब्रन्सविक. चार खोल खाचा दिसल्या तर सिंधमधल्या जनरल जॉन जेकबने काढलेला नमुना, तोच ज्याच्या नावाने जेकबाबाद वसलं. खाचा नाहीतच आणि भोक षट्कोनी आहे, तर व्हिटवर्थ. आणि तीन उथळ, रुंद खाचा असतील तर १८५३ चा एन्फील्ड नमुना, ३९ इंचांची नळी, ०.५७७ इंचांचं भोक. त्याच घराण्यातल्या नंतरच्या आखूड रायफलींत पाच खाचाही सापडतात, त्यामुळे नुसत्या मोजणीवर विसंबू नये. पीळसुद्धा मोजावा.

या खाचा सरळ नसतात, मळसूत्रासारख्या वळत जातात. गोळी त्यांत रुतून पुढे सरकते तेव्हा स्वतःभोवती फिरू लागते, आणि फिरणारी वस्तू आपल्या अक्षाची दिशा सहसा सोडत नाही. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, त्याचंच हे रूप. गोळी जितकी लांबट, तितकी ती हवेत कोलमडायला बघते आणि तितका पीळ घट्ट लागतो. म्हणून गोल गोळीच्या बेकरला ३० इंचांत फक्त पाव फेरा पुरत होता, तर लांबुडक्या गोळीच्या व्हिटवर्थला २० इंचांत पूर्ण फेरा द्यावा लागला. एन्फील्डचा पीळ ७८ इंचांत एक फेरा. गोळी सेकंदाला ९०० फूट वेगाने सुटली असं धरलं तर ती सेकंदाला जवळजवळ १३८ गिरक्या घेत बाहेर पडते.

हा पीळ घरीही मोजता येतो. मूठ मोकळी फिरणारा सफाईचा गज घ्यायचा, टोकाला तेलात बुडवलेली चिंधी घट्ट बसवायची आणि गज हळूहळू आत ढकलायचा. चिंधी खाचांत अडकल्यामुळे गज आपोआप वळतो. तोंडाशी गजावर एक उभी रेघ मारली की ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना दिसते. एन्फील्डची नळी ३९ इंचांची, म्हणजे ७८ च्या बरोबर निम्मी. सुरुवातीला बारावर असलेली रेघ तळाशी पोचेपर्यंत सहावर येते. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी परीक्षा दुसरी नसेल.

आता त्या नळीकडे येऊ, जिच्यात चिंधी फिरतच नाही. बाहेरून सगळं एन्फील्डचं: ३९ इंच लांबी, दस्त्याला नळी बांधणारे तीन कडे, कळीवर मुकुट. आत मात्र बाटलीसारखं गुळगुळीत. बघणारा हळहळतो, 'वापरून वापरून झिजली बिचारी.' सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तो विसरतो. नळीतला पीळ झिजतो तो वेडावाकडा. तोंडाशी गज घासून एका बाजूने जास्त, तळाशी दारूच्या ज्वाळेने आणि गंजाने जास्त, मधे कुठेतरी खाचेची सावली शिल्लक. आता आतला व्यास मोजा. दोन्ही टोकांना सारखा, ०.६५६ इंच, म्हणजे सुमारे १६.७ मिलिमीटर. मूळ ०.५७७ इंच म्हणजे १४.७ मिलिमीटर. भोक दोन मिलिमीटरने मोठं झालं, म्हणजे भिंतीतून सगळीकडून एकसारखा एक मिलिमीटर गेला. खाचांची खोली तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. अशी झीज निसर्ग करत नाही, बोअरिंगचं यंत्र करतं.

आणि हे यंत्र कोणी चालवलं, का चालवलं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. एन्फील्डची गोळी भोकापेक्षा थोडी बारीक, मागून पोकळ. त्यामुळे ती तोंडाकडून सहज आत जाई आणि बार उडताच तिचा पोकळ बुंधा फुगून खाचांत रुते. पण काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता काजळीसारखा घन उरतो. ती काजळी मऊ राहावी, गोळी सरकावी म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी लावत. ही काडतुसं दाताने फोडायची असत, आणि चरबी गाईची की डुकराची या संशयाने १८५७ मध्ये काय झालं ते आपण शाळेत वाचलेलं आहे. मला नेहमी वाटतं, शाळेत काडतुसावर जेवढा वेळ जातो त्याचा दहावा हिस्साही ते ज्या नळीत जाणार होतं त्या नळीला मिळत नाही. उठावानंतर इंग्रज सरकारने भारतीय पायदळाच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यायची नाही असं ठरवलं. एन्फील्डच्या नळ्या आतून कातून साफ गुळगुळीत केल्या आणि 'इंडिया सर्व्हिस' मस्केट (मस्केट म्हणजे बिनपिळाची, गुळगुळीत नळीची बंदूक) म्हणून १८५८ चा नमुना काढला. पीळ काढणे या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः उपयोग दुसरीकडे कुठे झाला असेल, मला माहीत नाही.

कातल्यामुळे भिंत पातळ झाली. जरा धक्का बसला की नळीला पोचे पडू लागले, तेव्हा १८५९ च्या नमुन्यात भिंत मुळातच जाड ठेवली. बाहेरून ओळखायची आणखी एक खूण म्हणजे मागचा नेम. मूळ रायफलवर शेकडो यार्डांचे आकडे असलेली, उभी करायची शिडी असे. गुळगुळीत मस्केटला शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नाही, त्यामुळे शिडीच्या जागी साधी, स्थिर खाच. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या लष्करी बंदुका स्वस्तात विकल्या गेल्यावर शेतकऱ्यांनी त्या छर्ऱ्यांसाठी कातून घेतल्याची उदाहरणंही पुष्कळ. पण तशी नळी बहुधा आखूड कापलेली असते आणि दस्त्याचा पुढचा भाग तासलेला. पूर्ण ३९ इंच, ०.६५६ इंच आणि स्थिर नेम, हे तिन्ही जुळलं तर ती मस्केटच.

नळीच्या मागच्या टोकाला, डाव्या बाजूला छोटे ठसे असतात. नळी विकण्याआधी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार उडवत. जी फुटली नाही तिच्यावर ठसा. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षाघर १८१३ चं. लंडनचा ठसा मुकुटाखाली गुंफलेली 'जी' आणि 'पी' ही अक्षरं, बर्मिंगहॅमचा मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड. व्यापारी एन्फील्डवर या ठशांशेजारी '२५' हा आकडा आढळतो, आणि हौशी मंडळी त्याला साल किंवा क्रमांक समजतात. तो खरं तर व्यास आहे. एक पौंड शिशाच्या २५ सारख्या गोळ्या केल्या तर एकेकीचा जो व्यास तो नळीचा. आपल्याकडची 'बारा बोअर' याच हिशेबाची. गणित करून बघा: ४५३.६ ग्रॅम भागिले २५ म्हणजे १८.१ ग्रॅम, शिशाची घनता ११.३४, म्हणून गोळीचा व्यास साडेचौदा मिलिमीटर. ठसा २५ चा आणि भोक त्याहून बरंच मोठं निघालं, तर परीक्षेनंतर कोणीतरी आत हत्यार चालवलंय हे नक्की. हेच दुसऱ्या पद्धतीनेही होई. पीळ झिजला की अमेरिकेतले गावठी कारागीर नळीतच शिसं ओतून तिच्याच खाचांचा साचा घेत, त्याला छोटी दातेरी पाती बसवत आणि तो मागेपुढे ओढून खाचा पुन्हा खोल करत. त्यामुळे तिकडच्या जुन्या लांब रायफलींचा आजचा व्यास हा जन्माचा व्यास असेलच असं नाही.

ठशांबाबत मराठी वाचकाला एक फुकटचा फायदा आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि ठासणीच्या हजारो बंदुका जगभरच्या संग्राहकांकडे गेल्या. त्यांतल्या नेपाळी बनावटीच्या नळ्यांवर अक्षरं आणि आकडे देवनागरीत आहेत. पाश्चात्त्य संग्राहक त्यापुढे डोकं खाजवतात. आपण सरळ वाचू शकतो, फक्त साल विक्रम संवतातलं असेल तर ५७ वजा करायला विसरायचं नाही.

ओळख पटली की दुरुस्तीचा मोह सुरू होतो, आणि बहुतेक नुकसान इथेच होतं. गंज दिसला की पॉलिश पेपर, बफिंगचं चाक, नाहीतर आम्ल. नळी चकचकीत होते, ठसे बोथट होतात. ठसा मारताना त्याखालच्या धातूचे स्फटिकही दबतात, म्हणून घासून गेलेला ठसा रसायनाने पुन्हा उठवता येतो. चोरीच्या गाडीचा चासी नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच तत्त्वावर वाचतात. पण त्यासाठी धातू आणखी खावा लागतो, तेव्हा ती वेळच येऊ देऊ नये. शिवाय जुनी नळी आजच्या पोलादाची नसते. लोखंडाची पट्टी वळवून, भट्टीत तापवून तिची शिवण ठोकून जोडलेली असते आणि तिच्यात लोखंडाच्या मळीचे बारीक धागे असतात. गंज या धाग्यांच्या कडेने आत शिरतो. पट्टी सरळ वळवली असेल तर गंजाच्या रेषा नळीच्या लांबीने धावतात, दोरीसारखी गुंडाळली असेल तर तिरक्या फिरतात. म्हणजे गंजसुद्धा नळी कशी घडवली ते सांगतो. तो खरवडून टाकायचा की वाचायचा, हे आधी ठरवावं.

सगळा गंज वाईट नसतो. नळीवरचा घट्ट, गडद तपकिरी थर बहुधा कारागिरानेच मुद्दाम चढवलेला असतो: लोखंडाला ठरावीक रसायन लावून, दमट हवेत गंजवून, ब्रशने घासून, पुन्हा गंजवून. तो हलवायचा नाही. वाईट तो भुसभुशीत, नारिंगी गंज, आणि सर्वांत वाईट ज्यातून पिवळट थेंब पाझरतात तो. तिथे क्लोराइड बसलेलं असतं. त्याचा उगम कधी खारी हवा, कोकणात तर हमखास, आणि कधी बंदुकीची केपच, म्हणजे घोडा आदळताच ठिणगी देणारी छोटी टोपी. जुन्या केपांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, मिठाचं सख्खं भावंड. दारूची काजळीही हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून जुने शिपाई बंदूक आधी पाण्याने धुवत आणि मग तेल लावत. नुसतं तेल चोळलं तर मीठ तेलाखाली सुखाने बसतं, कारण ते तेलात विरघळतच नाही.

घरच्या नळीसाठी एवढं पुरतं: आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग हलकं तेल लावून दोन-चार दिवस थांबणं, मग लाकडी काडी, चिंधी आणि पितळी ब्रश. पोलादी ब्रश नाही. सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज उतरवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे, पण ती चांगला तपकिरी थरही उतरवते, त्यामुळे पार सडलेल्या नळीशिवाय वापरू नये. नळीचा मागचा आट्यांचा बूच खोलायचाही हट्ट धरू नये. दीडशे वर्षं जाम झालेला बूच पिळला की आधी नळीच पिळवटते. जिथे मूळ थर उरलेलाच नाही तिथे संग्रहालयांतले तज्ज्ञ टॅनिक आम्लाचं पाणी लावतात. ते गंजातल्या लोहाशी जोडलं जाऊन काळाभोर, स्थिर थर बनतो. आपल्या बखरी आणि पोथ्या ज्या काळ्या शाईने लिहिल्या गेल्या त्यांतल्या काही शाया हिरडा आणि हिराकस यांच्या होत्या. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोह, रसायनशास्त्र तेच. शेवटी मेणाचा पातळ हात आणि कोरडी जागा.

कायद्याचंही एक वाक्य. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात सूट आहे ती जुन्या घाटाच्या किंवा पुरातन मोलाच्या, पण दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा हत्याराला. तुमची नळी चालू होऊ शकत असेल तर 'आजोबांची आहे' हे उत्तर चालत नाही. आधी पोलिसांकडे विचारावं, मग ब्रश हातात घ्यावा.

अमेरिकेत जुन्या नळीत नवी, पिळाची नळी बसवून देणारे कारागीर आहेत. गोळीबाराचा छंद असणाऱ्यांना ते सोयीचं. १८५८ च्या मस्केटमध्ये तसा पीळ घालणं मला मात्र दुरुस्ती वाटत नाही, कारण तिच्यातलं काही बिघडलेलंच नाही. ती गुळगुळीत आहे, कारण ती तशी हवी होती. तिला तेल लावावं, मेण लावावं, भिंतीवर टांगावी आणि खालच्या चिठ्ठीवर 'रायफल' न लिहिता 'मस्केट, ०.६५६ इंच' असं लिहावं.