बॅगवाला की बॅगलेस : व्हॅक्यूम क्लीनरच्या किमतीमागचा इतिहास

व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता पहिल्यांदा विचारतो ते, बॅगवाला हवा की बॅगलेस, म्हणजे धूळ पिशवीत साठवणारा की डब्यात? प्रश्न यंत्राचा वाटतो, पण खरा मुद्दा पैसे कधी मोजायचे हा असतो. बॅगलेस घेतला तर बहुतेक पैसे काउंटरवरच जातात. बॅगवाला घेतला तर काही आज जातात आणि उरलेले पुढची कित्येक वर्षं बॅगांच्या पाकिटांमधून. या दोन प्रकारांच्या किमतींची उतरंड गेल्या तीस वर्षांत एकदा नव्हे, दोनदा उलटी झाली आहे. ती का, हे बघायचं तर बॅग आली कुठून इथपासून सुरुवात करावी लागते.

1901 साली ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने हवा ओढून धूळ काढणारं यंत्र बनवलं, तेव्हा ते विकण्याचा प्रश्नच नव्हता. घोडागाडीवर बसवलेला तो अवजड पंप घरासमोर उभा राहायचा आणि लांब नळ्या खिडकीतून आत जायच्या. बूथची कंपनी सफाईची सेवा विकत होती. घरात ठेवता येईल असं विजेचं यंत्र पुढे आणलं ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या जेम्स मरे स्पँगलर या दम्याने त्रासलेल्या सफाई कामगाराने. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून आपलं यंत्र तयार केलं. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी ते विल्यम हूवर या व्यावसायिकाकडे गेलं. हूवरचं पहिलं मॉडेल 60 डॉलरला होतं. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, म्हणून कंपनीने मासिकात जाहिरात देऊन दहा दिवस फुकट वापरून बघा अशी सवलत दिली. मागणी आली की यंत्र गिऱ्हाइकाच्या जवळच्या दुकानदारामार्फत पोचवायचं आणि त्याला कमिशन द्यायचं, अशा रीतीने हूवरने विक्रेत्यांचं जाळं उभं केलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या यंत्राला बॅग होती, पण ती कापडाची. भरली की बाहेर नेऊन झटकायची आणि परत लावायची. म्हणजे बॅग असूनही बॅगेचा वेगळा खर्च नव्हता. झटकताना निम्मी धूळ अंगावर येई, हा भाग वेगळा.

फेकून देता येणारी कागदी बॅग बाजारात आली ती 1920 च्या दशकात, आणि सर्रास झाली दुसऱ्या महायुद्धानंतर. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही खरीच सुधारणा होती. धुळीला हात न लावता भरलेली बॅग कचऱ्यात टाकता यायची. पण कंपन्यांच्या हाती त्यातून काय लागलं, हे अधिक महत्त्वाचं. यंत्र दहा-पंधरा वर्षांतून एकदा विकलं जातं, बॅग मात्र दर एक-दोन महिन्यांनी. प्रत्येक कंपनीने आपल्या बॅगेच्या तोंडाचा आकार, पुठ्ठ्याची चकती, अडकवण्याची खाच वेगळी ठेवली आणि तिला अक्षरांची किंवा आकड्यांची नावं दिली. दुकानाच्या एका फळीवर पन्नास जातींच्या बॅगा आणि नेमकी आपली संपलेली, हा अनुभव त्यातूनच जन्माला आला. मागोमाग वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉडेलांना चालतील अशा स्वस्त नकली बॅगा बनवणारे कारखानेही उभे राहिले.

हिशेब समजून घ्यायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बॅगवालं यंत्र 100 पौंडांचं आणि वर्षाच्या बॅगा 15 पौंडांच्या धरल्या, तर दहा वर्षांत यंत्रापेक्षा बॅगांवर दीडपट पैसे जातात. शिवाय बॅगेवरचा नफा यंत्रावरच्या नफ्यापेक्षा सुखाचा असतो: त्यात घासाघीस नाही, हमी नाही, दुरुस्ती नाही. रेझर स्वस्त विकून पात्यांवर कमवायचं, तोच हा धंदा. दुकानदारही यात वाटेकरी होता, कारण बॅग घ्यायला आलेला माणूस पुन्हा दुकानात पाऊल टाकायचा.

या व्यवस्थेतली कच्ची बाजू तांत्रिक होती. कागदी बॅग ही पिशवीही असते आणि चाळणीही. हवा तिच्या छिद्रांमधून बाहेर पडते. बारीक धूळ ती छिद्रं बुजवते आणि बॅग निम्मी रिकामी असतानाच यंत्राची ओढ कमी होते. 1978 च्या सुमारास जेम्स डायसन या इंग्रज डिझायनरच्या हे लक्षात आलं. लाकडाच्या गिरण्यांमध्ये भुसा गोळा करायला मोठे शंकू वापरतात. हवा त्यांच्यात गरगर फिरते आणि जड कण बाहेरच्या भिंतीवर आपटून खाली पडतात. गिरण्यांना हे तंत्र जुनंच होतं, आणि बॅग नसलेली काही घरगुती यंत्रंही त्याआधी अमेरिकेत दारोदार फिरून विकली गेली होती. डायसनने ते लहान, घरगुती आकारात नीट चालेल असं बसवलं. त्यासाठी 5,127 नमुने केले असं तो स्वतः सांगत आला आहे.

मोठ्या कंपन्यांनी ते तंत्र घेतलं नाही. त्यामागे आळस होता असं नेहमी सांगितलं जातं, मला ते पटत नाही. ज्याला दरवर्षी बॅगा विकून पैसे मिळतात, त्याने बॅग नाहीशी करणारं यंत्र कशासाठी विकत घ्यावं? ब्रिटनमधली बॅगांची वार्षिक उलाढाल त्या काळी 10 कोटी पौंडांच्या घरात असल्याचं सांगितलं जाई. हूवरच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे टीव्हीवर खंत व्यक्त केली ती हेच सांगते: आपण ते तंत्र विकत घ्यायला हवं होतं, म्हणजे ते फडताळात पडून राहिलं असतं.

मग डायसनची वाट आडवळणाने गेली. 1983 मध्ये ब्रिटनमध्ये एक मॉडेल अगदी थोड्या संख्येने विकलं गेलं. 1986 मध्ये जपानमध्ये जी-फोर्स नावाचं गुलाबी यंत्र आलं. त्याची किंमत सुमारे 2,000 डॉलर होती आणि ते प्रतिष्ठेची वस्तू म्हणून खपलं. तिथे आपलं तंत्र वापरण्याचा परवाना देऊन मिळालेल्या पैशांवर डायसनने स्वतःचा कारखाना काढला आणि 1993 मध्ये डीसी 01 हे बॅगलेस यंत्र ब्रिटनच्या बाजारात आणलं. किंमत होती सुमारे 200 पौंड, साध्या बॅगवाल्या यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त.

वेळ मात्र त्याला अनुकूल मिळाली. आदल्याच वर्षी हूवरच्या ब्रिटिश शाखेने एक योजना काढली होती. 100 पौंडांची खरेदी करा आणि विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट मिळवा, आधी युरोपची आणि मग अमेरिकेचीही. लोकांनी तिकिटांसाठी व्हॅक्यूम क्लीनर घेतले. खोकंही न उघडलेली यंत्रं जुन्या वस्तूंच्या जाहिरातींमध्ये दिसू लागली, म्हणजे नव्या यंत्रांची मागणी आणखी पडली. योजनेचा बोजा सुमारे 5 कोटी पौंडांवर गेला, खटले वर्षानुवर्षं चालले आणि 1995 मध्ये अमेरिकी मालकाने हूवरचा युरोपातला धंदा कॅंडी या इटालियन कंपनीला विकून टाकला. किंमत पाडून विकण्याचा याहून महागडा धडा या धंद्यात दुसरा नसेल. नेमक्या त्याच काळात शेजारच्या फळीवर दुप्पट किमतीचं यंत्र सवलतीशिवाय विकलं जात होतं.

डीसी 01 ची विक्री आधी टपालाने माल पाठवणाऱ्या कॅटलॉगांमधून झाली, मग मोठ्या दुकानांमधून. जाहिरातीचा रोख सरळ होता: बॅगेला रामराम करा. पारदर्शक डब्यामुळे दुकानातला विक्रेताच जाहिरातदार झाला. दुकानातला गालिचा साफ करून दाखवला की फिरणारी धूळ गिऱ्हाइकाला समोर दिसायची. घाण दाखवू नका असा सल्ला डायसनला मिळाला होता, त्याने तो मानला नाही. दीड वर्षाच्या आत हे ब्रिटनमधलं सर्वाधिक खपाचं यंत्र झालं. असे दावे वाचताना एक भेद जपावा लागतो, नगांचा आणि रकमेचा. महागडं यंत्र विकणारा रकमेच्या यादीत पहिला आणि नगांच्या यादीत दुसरा-तिसरा असू शकतो. विक्रेत्यासाठी रकमेचा आकडा मोलाचा, कारण फळीची जागा तेवढीच असते आणि तिच्यावरून जास्त पैसे निघतात.

1999 मध्ये हूवरने ट्रिपल व्हॉर्टेक्स नावाचं बॅगलेस यंत्र काढलं. डायसनने पेटंटभंगाचा दावा लावला, 2000 मध्ये जिंकला आणि 2002 मध्ये 40 लाख पौंडांवर तडजोड झाली. पण पेटंट कायम टिकत नाहीत, आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या वाटाही निघतात. एकच साधा शंकू आणि खाली प्लास्टिकचा डबा एवढंच असलेली स्वस्त बॅगलेस यंत्रं बाजारात भराभर आली. 2002 मध्ये डायसनने अमेरिकेत 399 डॉलरची किंमत लावली आणि ती लोकांनी दिलीही. त्याच वर्षी कंपनीने उत्पादन मलेशियाला हलवलं. खालच्या बाजूला मात्र बॅगलेस हा स्वस्तातल्या स्वस्त यंत्राचा पर्याय होऊन बसला. बनवायला सोपा, दुकानदाराला बॅगांचा साठा ठेवायला नको, आणि खोक्यावर ‘बॅगेचा खर्च नाही’ असं छापता येतं. हे छापलेलं वाक्य पूर्ण खरं नसतं. फिल्टर धुवावे लागतात, वाळवावे लागतात आणि कधीतरी बदलावेही लागतात. न धुतलेल्या फिल्टरचं बॅगलेस यंत्र भरलेल्या बॅगेइतकंच दमतं. डबा ओतताना उडणारी धूळ ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी तर सगळा हिशेबच वेगळा.

बॅगवाल्यांनी याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. जर्मनीच्या मीले या कंपनीने कागदाऐवजी अनेक थरांच्या कृत्रिम तंतूंच्या बॅगा आणल्या. त्या चटकन बुजत नाहीत आणि काढताना त्यांचं तोंड आपोआप बंद होतं. इंग्लंडमधला हसऱ्या चेहऱ्याचा हेन्री हा बॅगवाला व्हॅक्यूम क्लीनर दणकट म्हणून सफाई कामगारांचा लाडका राहिला. त्याच्या बॅगा मोठ्या, आणि रोजच्या कामात बॅग बदलणं डबा धुण्यापेक्षा लवकर उरकतं. अशा रीतीने एकेकाळी सर्वसामान्यांची असलेली बॅग महागड्या घरगुती यंत्रांमध्ये आणि व्यावसायिक वापरात जाऊन बसली, तर खालचा मोठा बाजार बॅगलेसने व्यापला.

हा वाद युरोपात कायद्याच्या दारातही गेला. 1 सप्टेंबर 2014 पासून युरोपीय संघात व्हॅक्यूम क्लीनरवर ऊर्जा-लेबल सक्तीचं झालं आणि मोटरला 1600 वॅटची मर्यादा आली. 2017 मध्ये ती 900 वर उतरली. लेबलासाठीची चाचणी रिकाम्या यंत्रावर घेतली जाई. डायसनचा आक्षेप असा होता, की बॅग भरल्यावर ओढ पडते तेच त्यात दडून राहतं. 2018 मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ते लेबल रद्द केलं. वॅटची मर्यादा मात्र राहिली. लेबल गेल्याने खोक्यावरची तुलना सोपी झाली असं काही नाही. उलट गिऱ्हाइकाकडे पुन्हा फक्त कंपन्यांचे शब्द उरले.

त्याच 2018 मध्ये डायसनने तारेच्या यंत्रांवरचं नवं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, कारण बाजार बॅटरीच्या हलक्या यंत्रांकडे सरकला होता. ती जवळपास सगळी बॅगलेस होती. आणि त्याच वर्षी आयरोबोट या कंपनीने रूंबा आय 7 प्लस हा आपोआप फिरून सफाई करणारा रोबो आणला. हा रोबो स्वतःचा डबा चार्जिंगच्या खांबात रिकामा करतो आणि त्या खांबात असते फेकून देण्याची बॅग. 30 डबे भरेपर्यंत ती पुरते असं कंपनी सांगते, मग नवी विकत घ्यायची. यंत्राची किंमत साडेनऊशे डॉलरच्या आसपास होती, म्हणजे बॅग परतली ती थेट सगळ्यात महागड्या फळीवर. पुढच्याच वर्षी शार्क या कंपनीने स्वतः रिकामा होणारा रोबो काढला, त्याच्या खांबात बॅग नव्हती आणि किंमत बरीच कमी होती.