गालील: शुभवर्तमानातील खेड्यापाड्यांच्या प्रदेशाची पार्श्वभूमी

पवित्र भूमीच्या यात्रेत गालीलच्या वाट्याला बहुधा दीड-दोन दिवस येतात. नासरेथचे देऊळ, काना, ताबोर डोंगर, तळ्यावरची नौका आणि कफर्णहूम ही स्थळे एकामागून एक पाहून झाली की बस यरुशलेमच्या दिशेने वळते आणि या स्थळांच्या मधला प्रदेश खिडकीतूनच मागे पडतो. वास्तविक शुभवर्तमानांची निम्मी समजूत त्या मधल्या प्रदेशात आहे. येशूच्या काळी गालीलमध्ये सेप्फोरिस आणि तिबिर्या ही दोन नवी शहरे होती; पैकी सेप्फोरिस नासरेथपासून जेमतेम सहा किलोमीटरवर असूनही चारही शुभवर्तमानांत त्याचा एकदाही उल्लेख नाही, आणि तिबिर्याचे नाव एकट्या योहानाने, तेही ओझरते, घेतले आहे. ही कथा शेताच्या बांधावर, खळ्यावर, मासेमारांच्या किनाऱ्यावर आणि गावच्या सभास्थानात घडते. म्हणून देवळांच्या यादीपेक्षा या ग्रामीण मुलखाचा इतिहास आधी समजून घेणे यात्रेकरूला अधिक उपयोगी पडेल, असे वाटते.

गालीलचे वरचे आणि खालचे असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. वरचा गालील उंच, थंड आणि डोंगराळ असून त्यातील मेरोन पर्वताची उंची सुमारे १,२०० मीटर आहे. खालच्या गालीलच्या टेकड्या ६०० मीटरच्या आत असून त्यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पसरलेली रुंद, सुपीक खोरी आहेत. यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्ना या संग्रहात या दोन भागांची सीमा सांगताना कफर हनन्या या गावाचे नाव घेतले आहे आणि जिथे रानअंजिराचे झाड उगवत नाही तिथून वरचा गालील समजावा, अशी खूण दिली आहे. शेतकऱ्याने आखलेली सीमा अशीच असायची. भारतातून जाणाऱ्याने एक गोष्ट विशेषकरून ध्यानात ठेवावी की तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या सरींनी जमीन भिजली की नांगरणी-पेरणी होते, मार्च-एप्रिलचा शेवटचा पाऊस दाणा भरतो, वल्हांडणाच्या सुमारास जव कापणीला येतो आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत गहू. त्यानंतरचे चार-पाच महिने आभाळ कोरडे असते. पाच हजारांना भोजन दिले तिथे पुष्कळ गवत होते असे योहान सांगतो आणि वल्हांडण जवळ आला होता असेही सांगतो; हे दोन्ही तपशील एकाच ऋतूचे आहेत.

जुन्या करारात हा मुलूख प्रामुख्याने नफताली, जबुलून, आशेर आणि इस्साखार या वंशांचा आहे. त्याच्या उत्तरेला हासोर हे कनानी लोकांचे बलाढ्य नगर होते. यहोशवाच्या पुस्तकात त्याला त्या सर्व राज्यांत मुख्य म्हटले आहे. १९५० च्या दशकात यिगाएल यादीन यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे २०० एकरांवर पसरलेले, आगीत भस्मसात झालेले शहर समोर आले. ताबोर डोंगरावरून उतरून दबोरा आणि बाराक यांनी सीसराच्या रथांचा केलेला पराभवही इथलाच. खालच्या इज्रेलच्या मैदानात किशोन नदीला पूर आला की चिखलात रथ रुतणारच, हे ती जमीन पाहिल्यावर सहज पटते. पुढे शलमोनाने मंदिरासाठी मिळालेल्या लाकडाच्या आणि सोन्याच्या मोबदल्यात सोरचा राजा हिराम याला गालीलमधील वीस नगरे दिली, पण हिरामाला ती पसंत पडली नाहीत. राजधानीतून पाहणाऱ्यांना गालील हा देण्याघेण्याचा सीमाभाग वाटे, एवढे यातून उघड होते.

सीमेवर असल्याची खरी किंमत इसवी सनपूर्व ७३२ च्या सुमारास मोजावी लागली. अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याने हासोर, केदेश आणि सगळा नफताली प्रांत घेऊन लोकांना बंदिवान करून नेले. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात हे एका वाक्यात येते; परंतु पुरातत्त्वीय पाहण्यांत असे दिसले आहे की त्यानंतर खालच्या गालीलमधील बहुतेक गावे दीर्घकाळ ओसाड राहिली. यशयाने जबुलून आणि नफताली यांच्या अंधारात बसलेल्या लोकांचा उल्लेख केला तो या संकटाच्या संदर्भात, आणि मत्तयाने येशू कफर्णहूमला राहायला आला त्या प्रसंगी तेच वचन उद्धृत केले.

ओसाड मुलूख पुन्हा वसला तो मुख्यतः इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून, यरुशलेमच्या हसमोनी या यहुदी घराण्यातील राजांनी गालील आपल्या राज्याला जोडल्यावर. पुष्कळ वस्ती यहूदियातून आली असावी, असा अभ्यासकांचा कल आहे, आणि त्याला जमिनीतून मिळालेला पुरावा बोलका आहे: या काळातील गावांत शुद्धीस्नानाची पायऱ्यांची टाकी सापडतात, मऊ चुनखडीतून कोरलेली भांडी सापडतात आणि डुकराची हाडे जवळजवळ सापडत नाहीत. मातीचे भांडे विटाळले तर फोडावे लागे, दगडाचे विटाळत नाही, या नियमामुळे कानाच्या लग्नघरात पाण्याचे सहा दगडी रांजण होते. नासरेथ आणि आजचे कफर कन्ना यांच्या दरम्यान, रेने गावाजवळ, अशी भांडी कोरण्याचा कारखानाच २०१७ मध्ये उजेडात आला. तळ्याच्या पूर्वेला मात्र ग्रीक धाटणीच्या दकापलीस प्रदेशाची हद्द लागे आणि तिथे डुकरांचे कळप चरत. येशू होडीने पलीकडे जातो तेव्हा तो पाण्याबरोबर धर्माचीही वेस ओलांडत असतो.

हेरोद अंतिपाने इसवी सनपूर्व ४ ते इसवी सन ३९ या काळात गालीलवर राज्य केले. त्याने उद्ध्वस्त सेप्फोरिस पुन्हा बांधले आणि इसवी सन २० च्या सुमारास तळ्याकाठी तिबिर्या वसवून त्याला रोमी सम्राटाचे नाव दिले. शहरे उभी राहिली की त्यांचा खर्च शेतीवर येतो. कराच्या ओझ्याने छोट्या शेतकऱ्याची किती दैना झाली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दृष्टांतांत भेटणारी माणसे पाहिली तर चित्र बरेच स्पष्ट होते. परदेशी गेलेला मळ्याचा धनी, खंडाने मळा करणारे माळी, बाजारात कामाची वाट पाहत उभे असलेले मजूर, मालकाच्या कुळांचा हिशेब सांभाळणारा कारभारी आणि कर्जापायी तुरुंगात पडलेला माणूस, असा हा समाज आहे. त्याच वेळी हा मुलूख उजाड नव्हता. पहिल्या शतकात इथे सेनापती राहिलेला इतिहासकार योसेफस गालीलमध्ये २०४ नगरे आणि गावे असल्याचे लिहितो आणि जमिनीचा एकही तुकडा पडीक नसल्याचे सांगतो. त्याला अतिशयोक्तीची सवय होती हे खरे. तरी दाट वस्तीची गोष्ट उत्खननांनी खोटी ठरवलेली नाही. कफर हनन्याच्या कुंभारांची स्वयंपाकाची भांडी गालीलभर विकली जात, हे मातीच्या रासायनिक तपासणीतून सिद्ध झाले आहे. गावे एकमेकांशी व्यवहाराने बांधलेली होती. नासरेथमधून काही चांगले निघू शकते काय, असे विचारणारा नथनेल हा स्वतः कानाचा, म्हणजे शेजारच्याच गावचा होता. त्याच्या प्रश्नात शहरी तुच्छतेपेक्षा गावागावांतली चुरस अधिक असावी, असे मला वाटते.

जुना करार, योसेफस किंवा तल्मूद हा यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथ यांपैकी कुठेही नासरेथचा उल्लेख येत नाही, इतके ते गाव लहान होते. चुनखडीच्या उतारावरची काही घरे, त्यांना जोडून गुहा, धान्याची पेवे, पाण्याची टाकी, द्राक्षे तुडवण्याचे कुंड आणि ऑलिव्हचा घाणा एवढाच त्याचा पसारा होता. डोंगरउतारावर दगडी ताली रचून माती धरून ठेवलेली, मातीखाली लगेच कातळ, तालींमधून गेलेली पायवाट आणि कडेला काटेरी झुडपे असे शेत ज्याने पाहिले आहे, त्याला पेरणाऱ्याचा दृष्टांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण बी मुठीने फोकून पेरले की ते वाटेवर, खडकावर आणि काट्यांतही पडणारच. तळ्याकाठी घरांचा दगड बदलतो. कफर्णहूम आणि खोराजिनची घरे काळ्या बेसॉल्टची आहेत, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा दगड ज्या जातीचा त्याच जातीच्या दगडाची. सामाईक अंगणाभोवती बांधलेल्या त्या खोल्यांवर लाकडी वासे, काटक्या आणि मातीचे धाबे असे. म्हणून चौघांनी छप्पर उकरून पक्षाघाती मनुष्याला आत सोडले, हा मार्काचा तपशील अक्षरशः घेण्याजोगा आहे.

तळ्याला समुद्र म्हणण्याची रीत असली तरी ते गोड्या पाण्याचे आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब, १२-१३ किलोमीटर रुंद आणि समुद्रसपाटीच्या २१० मीटर खाली. भोवतालच्या उंच कड्यांवरून गार वारा या खळग्यात एकाएकी उतरतो आणि पाणी खवळते. शिमोन आणि आंद्रिया किनाऱ्यावरून पाग टाकत होते. स्वर्गाच्या राज्याच्या दृष्टांतातले जाळे मात्र रापणीचे आहे, जे ओढून काठावर आणले की सगळ्या जातींचे मासे येतात आणि निवड करावी लागते. मोशेच्या नियमशास्त्रानुसार खवले नसलेला मासा निषिद्ध असल्याने या तळ्यातला मांगूर जातीचा मासा फेकून द्यावा लागे. खाण्याचा मुख्य मासा म्हणजे तिलापियाच्या कुळातला, आज संत पेत्राचा मासा म्हणून हॉटेलांत मिळतो तो. थंडीत त्याचे थवे तळ्याच्या वायव्य काठावरील तबघाजवळच्या उष्ण झऱ्यांकडे येतात आणि त्यामुळेच मासेमारांची गर्दी त्या कोपऱ्यात होत असे. मग्दाला येथे मासे खारवून दूरवर पाठवले जात. २००९ मध्ये तिथे पहिल्या शतकातील सभास्थान सापडले आणि त्यात सात फाट्यांच्या दीपवृक्षाचे शिल्प असलेला दगड निघाला. त्याआधी १९८६ मध्ये, अवर्षणाने पाणी ओसरले असता, गिनोसारच्या किनाऱ्यावर चिखलात रुतलेली त्याच कालखंडातील होडी मिळाली होती. ती सव्वाआठ मीटर लांब असून तिला अनेक जातींच्या लाकडांची ठिगळे लावलेली आहेत. ती येशूची होडी नव्हे, मार्गदर्शकाने काहीही सांगितले तरी. पण जब्दीच्या मुलांची होडी कशी असेल हे तिच्यावरून कळते. कफर्णहूम हे अंतिपाच्या हद्दीचे शेवटचे गाव असल्याने तिथे जकातनाका होता, आणि मासेमार ज्याच्याकडे जकात भरत त्याच वर्गातला मत्तय त्यांच्या पंगतीला येऊन बसला.

इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले आणि १३५ मध्ये बार कोखबाचे रोमविरुद्धचे बंड मोडले, त्यानंतर यहुदी धर्मजीवनाचे केंद्र गालीलमध्ये आले. सेप्फोरिस येथे इसवी सन २०० च्या सुमारास मिश्नाचे संकलन पूर्ण झाले आणि पुढे तिबिर्यात यरुशलेमी तल्मूद आकाराला आला. कफर्णहूमला यात्रेकरू ज्या पांढऱ्या सभास्थानापुढे छायाचित्रे घेतात ते चौथ्या-पाचव्या शतकातले आहे. त्याच्या भिंतींखाली काळ्या दगडाचे जुने बांधकाम आहे आणि येशूच्या काळाशी नाते जोडायचे तर त्याच्याशी जोडावे. समोरच पेत्राचे घर मानली गेलेली खोली आहे. पहिल्या शतकातच तिला गिलावा केला गेला, पुढे भिंतीवर प्रार्थनावाक्ये कोरली गेली आणि पाचव्या शतकात वर अष्टकोनी देऊळ उभे राहिले. तबघाला भाकरींची टोपली आणि दोन मासे यांचे मोझाइक आहे तेही त्याच शतकातले. सुमारे ५७० मध्ये इटलीतील पियाचेंझा नगराचा एक यात्रेकरू नासरेथला आला. त्याने तिथल्या यहुदी स्त्रियांच्या रूपाची आणि ख्रिस्ती यात्रेकरूंशी त्यांच्या चांगल्या वागणुकीची स्तुती केली असून गव्हाच्या पिकाची तुलना मिसरशी केली आहे.

४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या जुळ्या शिखरांपाशी सलाहुद्दीनने क्रुसेडरांचा पराभव केला, १२६३ मध्ये मामलुक सुलतान बैबर्सने नासरेथचे देऊळ पाडले आणि १६२० मध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांना ती जागा परत मिळाली. आजचे भव्य मंदिर १९६९ मध्ये समर्पित झाले. काही स्थळांची परंपरा तशी पक्की नाही: काना म्हणून कफर कन्ना दाखवतात, पण बेत नतोफा खोऱ्याच्या उत्तर कडेचे खिर्बेत काना अनेक पुरातत्त्वज्ञांना अधिक पटते, बेथसैदासाठीही दोन जागांचा वाद आहे. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी नासरेथ ते कफर्णहूम ही सुमारे ६५ किलोमीटरची 'जीझस ट्रेल' पायवाट धरावी. ती हत्तीनवरून जाते, शेतांमधून जाते आणि अरब गावांत मुक्काम करू देते.

या गावांत राहणारे ख्रिस्ती लोक यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच असतात. एलाबून, मिइलिया, फस्सूता, रामे या गावांत अरबी बोलणारे, बहुतांशी ग्रीक कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स परंपरेचे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या ऑलिव्ह पिकवत आले आहेत. लेबनॉनच्या सीमेजवळच्या कफर बिरइम या मारोनाइट (लेबनॉनमधील कॅथलिक परंपरेच्या) गावातील आणि इक्रित या ग्रीक कॅथलिक गावातील लोकांना १९४८ मध्ये सैन्याने थोड्या काळासाठी म्हणून बाहेर काढले. १९५१ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने इक्रितच्या रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला, तरीही त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी इक्रितची आणि १९५३ मध्ये बिरइमची घरे पाडण्यात आली. देवळे तेवढी राहिली. बिरइमची पुष्कळ कुटुंबे जवळच्या जीश गावी राहतात. हेच प्राचीन गिस्काला, जिथला योहान नावाचा पुढारी ऑलिव्हच्या तेलाच्या व्यापारात गबर झाला होता आणि जिथून पौलाचे आईवडील आले होते असे संत जेरोमने नोंदवले आहे. सणावारी ही कुटुंबे बिरइमच्या देवळात उपासनेला जातात; तिथेच, काही पावलांवर, प्राचीन सभास्थानाचे अवशेषही आहेत आणि ते पाहण्यास सर्वांना मुभा आहे.