दुकान, डाक आणि गल्ला: फ्लिपकार्टच्या पोटात जन्मलेल्या धंद्यांची पार्श्वभूमी

वडापावच्या गाडीवर कढईशेजारी लावलेला तेलकट साउंडबॉक्स पंधरा रुपये आल्याचं ओरडून सांगतो, तेव्हा कुणाला पुस्तकं आठवायचं काही कारण नाही. पण त्या डबीवरचं नाव फोनपेचं असेल, तर त्याची कुळकथा थेट बंगळुरूतल्या एका ऑनलाइन पुस्तकाच्या दुकानापर्यंत जाते. वाटेत एक बुडालेलं गाण्यांचं दुकानही लागतं. मोठ्या कंपनीच्या आत नवे उद्योग कसे रुजतात, हे बघायला आपल्याकडे फ्लिपकार्टइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. त्यात यश आहे, फजिती आहे आणि दोन्हीचं नातंही आहे.

सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल हे दोघे चंदीगडचे, दिल्ली आयआयटीत शिकलेले, आणि आडनाव एक असूनही एकमेकांचे नातेवाईक नसलेले. दोघांनी बंगळुरूत अमेझॉनच्या कार्यालयात नोकरी केली आणि ऑक्टोबर 2007 मध्ये फ्लिपकार्ट हे स्वतःचं दुकान थाटलं. भांडवल चारेक लाख रुपये. सुरुवातीला फक्त पुस्तकं, कारण पुस्तक फुटत नाही, नासत नाही, मापात चुकत नाही. पहिली ऑर्डर तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगरहून आली. ते पुस्तक वितरकाकडे नव्हतं, म्हणून बंगळुरूतली दुकानं पालथी घालून ते मिळवावं लागलं. जाहिरातीला पैसे नसल्यामुळे पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभं राहून बुकमार्क वाटण्याचा उद्योगही झाला.

पुढच्या दोनतीन वर्षांत दुखणं कुठे आहे ते कळलं, आणि ते पुस्तकांत नव्हतंच. दुखणी दोन होती: माल वेळेवर पोचत नव्हता आणि पैसे नीट येत नव्हते.

पैशांचं आधी सांगतो. तेव्हा क्रेडिट कार्ड फार थोड्यांकडे होतं. ज्यांच्याकडे होतं त्यांनाही संगणकावर त्याचा नंबर टाकताना धास्ती वाटायची. त्यात ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण व्यवहार दुकानाच्या पानावरून बँकेच्या पानावर जाणार, तिथे पासवर्ड विचारला जाणार, मग परत येणार, आणि मध्येच नेट गेलं की खेळ खलास. पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र लागली नाही, हा अनुभव त्या काळात ऑनलाइन खरेदी करणाऱ्या बहुतेकांच्या गाठीशी असेल.

फ्लिपकार्टने 2010 मध्ये यावर काढलेला तोडगा म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. व्यवस्थापनाच्या वर्गात हा भारतीय नवोन्मेष म्हणून शिकवतात, तेव्हा मला गंमत वाटते. आपल्याकडे व्हीपीपीने पुस्तकं मागवणाऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचं, पोस्टमन पार्सल घेऊन दारात यायचा, त्याच्या हातावर पैसे ठेवायचे आणि पार्सल सोडवून घ्यायचं. कल्पना जुनीच होती. नवं होतं ते तिचं प्रमाण आणि त्यामागचा हिशेब.

हा हिशेब जवळून पाहिला की कळतं, घाम कशात गेला. डिलिव्हरीवाला सकाळी पाठीवर पिशवी घेऊन निघतो. प्रत्येक पार्सलची रक्कम वेगळी. कुणाकडे सुटे नसतात, कुणी घरी नसतं, कुणी दार उघडून ‘आता नको’ म्हणतं. संध्याकाळी हबवर परतल्यावर विकलेली पार्सलं, परत आलेली पार्सलं आणि कमरेच्या पाऊचमधली रोकड, तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. मग ती रोकड बँकेत जाणार आणि पुढे विक्रेत्याच्या खात्यात. ग्राहकाने नाकारलेलं पार्सल उलट्या प्रवासाला निघतं. या धंद्यात त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात आणि परिवहन कार्यालयाइतकाच त्याचाही धसका असतो, कारण दोन्हीकडचं भाडं कंपनीच्या अंगावर पडतं.

हे सगळं बाहेरच्या कुरिअर कंपनीवर सोपवणं अवघड होतं. त्यांचा धंदा पाकिटं आणि कागदपत्रं पोचवण्याचा, घरोघरी रोकड गोळा करण्याचा नव्हे. म्हणून त्याच सुमारास फ्लिपकार्टने स्वतःची पोच-यंत्रणा उभारली आणि तिला पुढे ईकार्ट हे नाव मिळालं. पुस्तकं विकणाऱ्या कंपनीने गोदामं, ट्रक, मोटारसायकली आणि रोकड मोजणारी माणसं पदरी बाळगावीत, हे तेव्हा अनेकांना वेडेपणाचं वाटलं असणार. पण काही वर्षांतच निम्म्याहून अधिक ऑर्डरी रोखीच्या होत्या, आणि ईकार्ट बाहेरच्या कंपन्यांचीही पार्सलं वाहू लागली. दुकानाचं दुखणं हाच एक वेगळा धंदा झाला.

आता बुडालेल्या दुकानाकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा कणा तिथेच आहे.

समीर निगम आणि राहुल चारी यांची माइम360 ही डिजिटल गाणी-व्हिडिओ वितरणाची कंपनी फ्लिपकार्टने 2011 मध्ये विकत घेतली. तिच्या जोरावर फेब्रुवारी 2012 मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान सुरू झालं (विमानाशी काही संबंध नाही). गाणं निवडायचं, सहा ते पंधरा रुपये द्यायचे आणि एमपी3 उतरवून घ्यायची. ना कुलूप, ना कटकट. कागदावर झकास योजना. पण ज्या देशात मोबाइलच्या टपरीवर पन्नास रुपयांत अख्खं मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळत होतं, तिथे सहा रुपयांसाठी कार्डाचे सोळा आकडे टाकून, बँकेच्या पानावर जाऊन, पासवर्ड भरणार कोण? पुस्तकाचे पैसे दारात देता येतात, गाण्याचे येत नाहीत. गाणं घेऊन कोणी दारात येतच नाही.

जून 2013 मध्ये फ्लाइट बंद झालं. बंद करताना कंपनीने दिलेली कारणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: चोरीची गाणी आणि लहान रकमा सहज देण्याच्या सोयीचा अभाव, हे प्रश्न मुळातून सुटल्याशिवाय हा धंदा मोठा होणार नाही. पैशांच्या बाजूने कंपनीने तेव्हाच पेझिपी ही सेवाही आणून पाहिली. तीही 2014 मध्ये गुंडाळली. एरवी अशा फसलेल्या प्रयोगाचं पुढे काय होतं? माणसं पांगतात, अहवाल कपाटात जातो. इथे मात्र माणसं बरीचशी घरातच राहिली. निगम फ्लिपकार्टच्या अभियांत्रिकी विभागात वरच्या पदावर गेले. सहा रुपये कसे घ्यायचे, हा प्रश्न कपाटात गेला नाही.

मधल्या काळात फ्लिपकार्टला इतर घाई होती. एप्रिल 2013 मध्ये बाहेरच्या विक्रेत्यांना दार उघडलं, जूनमध्ये अमेझॉन भारतात उतरली, मे 2014 मध्ये कपडे विकणारी मिंत्रा विकत घेतली. 6 ऑक्टोबर 2014 ला पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला. कंपनीच्या म्हणण्यानुसार दहा तासांत 10 कोटी डॉलरची विक्री, म्हणजे सुमारे 600 कोटी रुपये. आणि त्याच दिवशी साइट कोलमडली, वस्तू टोपलीत टाकेपर्यंत संपल्या, लागलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या, सवलतीआधी किमती चढवल्याच्या तक्रारी आल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही बन्सलांनी ग्राहकांना माफीचं पत्र पाठवलं. नेहमीच्या वीसपट गर्दीची तयारी केली होती, ती पुरली नाही, असं त्यात त्यांनी लिहिलं होतं. ‘फक्त ॲप’ हा प्रयोगही याच काळातला. मे 2015 मध्ये मिंत्राने संकेतस्थळ बंद करून सगळी खरेदी ॲपवर नेली आणि 2016 मध्ये संकेतस्थळ मुकाट परत आणलं. हा नवेपणा ग्राहकाच्या अडचणीतून आलेला नव्हता, बैठकीच्या खोलीतून आला होता, आणि ते दिसलं.

एप्रिल 2015 मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांशी हातमिळवणी झाली, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत कौतुकाला उधाण आलं होतं. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची माणसं, सव्वाशे वर्षांची शिस्त, आणि आता फ्लिपकार्टची पार्सलं त्यांच्या हातून घरोघर. बातमी फारच देखणी होती. पण डबेवाल्याचं सामर्थ्य कशात आहे? तेच घर, तेच कार्यालय, रोज. झाकणावरच्या खुणा उपयोगी पडतात त्या या ठरलेपणामुळे. पार्सलाचा पत्ता मात्र रोज नवा, आणि ‘घरी आहात का?’ हा फोन रोज वेगळ्या माणसाला. दोन्ही कामं दारापर्यंत जाण्याची असली तरी जातकुळी वेगळी. त्यामानाने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला सोबत घेण्याची कल्पना जास्त जमली. 2020 च्या दसरा-दिवाळीपूर्वी 50,000 हून अधिक किराणा दुकानं पार्सलं पोचवण्यासाठी जोडल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. दुकानदाराला गल्ली माहीत असते, कोण कधी घरी असतं तेही माहीत असतं, आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असतं.

परत गल्ल्याकडे, म्हणजे पैसे घेण्याच्या प्रश्नाकडे. निगम, चारी आणि बर्झिन इंजिनिअर हे तिघे फ्लिपकार्टमधून बाहेर पडले आणि डिसेंबर 2015 मध्ये त्यांनी फोनपे सुरू केली. एप्रिल 2016 मध्ये, म्हणजे ॲप बाजारात येण्याआधीच, फ्लिपकार्टने ती विकत घेतली. घरचीच माणसं बाहेर जाऊन, कंपनी काढून, परत घरात आली. बाहेरून बघणाऱ्याला हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण मला यातच या प्रकरणाची किल्ली दिसते. विभाग असता तर त्याला दरवर्षी बजेटसाठी मोबाइल आणि कपड्यांच्या विभागांशी भांडावं लागलं असतं, आणि सणाच्या सेलपुढे त्याचं कोणी ऐकलं नसतं. वेगळी कंपनी असल्याने वेगळं नाव, वेगळे समभाग, वेगळं दार मिळालं.

वेळही साधली. त्याच एप्रिलमध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय आणलं. ऑगस्टमध्ये येस बँकेच्या साथीने फोनपेचं ॲप आलं. 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. पेटीएमसारख्या वॉलेटात आधी पैसे भरावे लागत, इथे ते थेट बँकेच्या खात्यातून जात. जानेवारी 2017 मध्ये आयसीआयसीआय बँकेने फोनपेवरून होणारे यूपीआय व्यवहार काही काळ रोखले, तेव्हा वाद पेटला. पुढे 5 मार्च 2020 च्या रात्री रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि फोनपे जागच्या जागी ठप्प झालं. जवळपास दिवसभराच्या धावपळीनंतर ते पुन्हा सुरू झालं, ते त्याच आयसीआयसीआय बँकेच्या आधाराने.

2018 मध्ये वॉलमार्टने 16 अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा फोनपे त्या गाठोड्यात होतं. मग पोर आईपेक्षा वेगळ्या वाटेने वाढत गेलं. डिसेंबर 2020 मध्ये अर्धवट आणि डिसेंबर 2022 मध्ये पूर्ण वाटणी झाली. फोनपेचं मुख्यालय सिंगापूरहून भारतात आणताना गुंतवणूकदारांना जवळपास 8,000 कोटी रुपये कर भरावा लागल्याचं निगम यांनी सांगितलं. या वाटणीपोटी फ्लिपकार्टच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना 2023 मध्ये सुमारे 70 कोटी डॉलर रोख मिळाले. यूपीआयचे जवळपास निम्मे व्यवहार तोवर फोनपेवरून होऊ लागले होते.

बाहेर पडणाऱ्यांची रांग तेवढ्यावर थांबली नाही. फ्लिपकार्टमध्ये वरच्या पदांवर असलेले सुजीत कुमार, आमोद मालवीय आणि वैभव गुप्ता यांनी 2016 मध्ये दुकानदारांना घाऊक माल पुरवणारी उडान काढली. गुंतवणुकीच्या ग्रो या ॲपचे चारही संस्थापक फ्लिपकार्टचेच. मात्र त्यांना फ्लिपकार्टने परत विकत घेतलं नाही.

गल्ला वेगळा झाल्यावर दुकानाची पंचाईत झाली. पैसे देण्याच्या वेळी ग्राहक दुसऱ्याच्या ॲपवर जाणार, आणि तो कशावर किती खर्च करतो हे आता त्या ॲपला कळणार. म्हणून 2024 मध्ये फ्लिपकार्टने स्वतःचं नवं यूपीआय ॲप आणलं. त्याचं नाव सुपर डॉट मनी, आणि तेही वेगळी कंपनी म्हणूनच.