वरून पाहण्याचे दोन कॅमेरे: दोन भिंगांचा आणि एका भिंगाचा

दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून पोटाशी धरायचे, वरचे झाकण उघडायचे आणि मान खाली घालून दुधी काचेत पाहायचे. दोन्हींत 120 नंबरचाच रोल बसतो, दोन्ही 6 बाय 6 सेंटिमीटरच्या 12 चौकोनी फ्रेम देतात आणि दोन्हींच्या काचेवर चित्र सुलटे, पण डावे-उजवे अदलाबदल होऊन दिसते. त्यामुळे कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर कुणी दोन भिंगांचा रोलिफ्लेक्स घेऊन उभा असो की एका भिंगाचा हॅसलब्लॅड, पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. पाहणाऱ्याची गल्लत झाली तर बिघडत काही नाही. परंतु पहिला मध्यम फॉरमॅटचा, म्हणजे नेहमीच्या 35 मिलिमीटरपेक्षा मोठ्या फिल्मचा, कॅमेरा विकत घेणाऱ्याचीही तीच गल्लत होते, आणि चार-सहा रोल वाया गेल्यावर त्याच्या लक्षात येते की या दोन यंत्रांची पाहण्याची रीत मुळातच वेगळी आहे.

दोन भिंगांच्या रिफ्लेक्समध्ये, म्हणजे ज्याला सगळे टीएलआर म्हणतात त्यात, एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरचे भिंग फक्त आपल्याला दाखवण्यासाठी असते. त्यातून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या, घट्ट बसवलेल्या आरशावर आदळून वरच्या काचेवर जातो. फोटो घेते ते खालचे भिंग, आणि त्याच्यामागे फिल्मपर्यंत आरसा वगैरे काहीही आडवे येत नाही. दोन्ही भिंगे एकाच पुढच्या पाटावर बसवलेली असल्याने फोकसचे चाक फिरवले की दोन्ही बरोबरच पुढे-मागे होतात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात 1929 मध्ये निघालेल्या रोलिफ्लेक्सने ही रचना जगभर रूढ केली. आपल्याकडे अजूनही बऱ्यापैकी मिळणारा जपानी याशिका-मॅट 124जी याच जातीचा.

एका भिंगाच्या रिफ्लेक्समध्ये, म्हणजे एसएलआरमध्ये, पाहण्याचे आणि टिपण्याचे काम एकच भिंग करते, आणि त्यासाठी आरशाला मधून बाजूला व्हावे लागते. स्वीडनच्या हॅसलब्लॅडने 1957 मध्ये आणलेल्या 500सी मध्ये बटण दाबल्यावर क्रमाने किती गोष्टी घडतात ते समजून घेण्यासारखे आहे: पाहण्यासाठी उघडे असलेले भिंगातले शटर आधी मिटते, अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाश येण्याचे छिद्र, ठरवलेल्या आकड्यापर्यंत आवळते, आरसा वर जातो, फिल्मच्या पुढ्यातली दोन झडपांची दारे उघडतात, आणि एवढे झाल्यावर शटर पुन्हा उघडून मिटते. या सगळ्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो, परंतु त्यानंतर आरसा आपोआप खाली येत नाही. दांडी फिरवून पुढची फ्रेम आणेपर्यंत काचेवर काळोख असतो.

सगळा फरक यातूनच निघतो. टीएलआरमध्ये आपण शेजारच्या खिडकीतून पाहतो, पण ती खिडकी कधीच बंद होत नाही. एसएलआरमध्ये आपण नेमक्या त्याच खिडकीतून पाहतो, पण फोटो निघण्याच्या क्षणी ती बंद झालेली असते.

याचा अर्थ काय होतो, हे मला एका तालमीत पहिल्यांदा नीट उमगले. वस्तादांची परवानगी घेऊन पहाटे गेलो होतो. ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरवलेल्या तांबड्या मातीच्या हौद्यात दोन पोरे खडाखडी करत होती आणि उजेड म्हणाल तर वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच. 400 आयएसओच्या, म्हणजे कमी उजेडातही चालणाऱ्या, फिल्मवर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडूनही 1/30 सेकंदापेक्षा वेगाने जाता येत नव्हते. टीएलआर गळ्यातल्या पट्ट्याने खाली ताणून पोटाशी घट्ट धरला, श्वास रोखला आणि बटण दाबले. आवाज आला तो नख वाजवल्याइतका. त्या क्षणी वरचा पैलवान खालच्याच्या पाठीवर झुकलेला होता, त्याच्या भुवईवरून घामाचा थेंब ओघळत होता आणि डोळे उघडे होते. हे सगळे मला काचेवर दिसले आणि फोटो मिळाला हे रोल धुण्याआधीच कळले. त्याच जागी हॅसलब्लॅड वापरला तेव्हा आरशाचा आणि मागच्या दारांचा ठोका तालमीत घुमला, दोघांनीही वर पाहिले, आणि डाव नेमक्या ज्या क्षणी बसला तो क्षण मी पाहिलाच नव्हता. आरशाच्या धक्क्याने 1/30 ला कॅमेरा किंचित हललाही. स्टँडवर असताना आरसा आधीच उचलून ठेवण्याची सोय या कॅमेऱ्यात आहे आणि तिचा उपयोगही मोठा आहे. परंतु हातात धरून, हालत्या माणसांसमोर, तिचा काही फायदा नाही.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. हॅसलब्लॅडवर अर्ध्या किंवा एका सेकंदाचा फोटो घेताना शटर बंद होईपर्यंत बटण दाबूनच ठेवावे लागते. बोट आधी उचलले तर मागची दारे मिटतात आणि फ्रेम अर्धवट उजळते. टीएलआरमध्ये फिल्मच्या पुढ्यात अशी झडपांची दारेच नसल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

इथपर्यंत वाचून टीएलआरच सरस, असे कुणाला वाटेल. पण शेजारच्या खिडकीतून पाहण्याची किंमत मी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मोजली आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी काहिलीतला रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता आणि वाफेचे लोट सरळ अंगावर येत होते. गार पडलेल्या कॅमेऱ्यावर वाफ धरली. काचेवरचे चित्र धूसर झाले म्हणून मी रुमालाने वरचे भिंग पुसले, चित्र लख्ख झाले, आणि मी समाधानाने पूर्ण रोल संपवला. खालचे भिंग मी पुसलेच नव्हते. बाराही फ्रेमवर दुधाची साय धरल्यासारखा पांढरा पडदा होता. गुळव्याचा चेहरा त्यामागे नुसता असल्याचा भास. एसएलआर असता तर मला पहिल्याच फ्रेमला कळले असते, कारण ज्या भिंगावर वाफ बसली त्यातूनच मी पाहत असतो. खालच्या भिंगापुढे आलेला पट्टा, बोट, पावसाचा थेंब, टीएलआर यांतले काहीच दाखवत नाही. तेव्हापासून रोल चालू असताना दर तीन-चार फ्रेमनंतर कॅमेरा उलटा करून खालच्या भिंगावर नजर टाकण्याची सवय मी लावून घेतली आहे, आणि ती प्रत्येकाने लावून घ्यावी.

जवळच्या वस्तूंच्या बाबतीत तर एसएलआरला तोड नाही. दोन भिंगांच्या मध्यांत सुमारे चार ते पाच सेंटिमीटरचे अंतर असते. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाचा फोटो घेताना ते जाणवत नाही. कापशी चपलेच्या वेणीचा घेताना मात्र सगळी चौकट सरकते. रोलिफ्लेक्समध्ये फोकस जवळ आणला की काचेखालची चौकट आपोआप सरकून कडा बरोबर दाखवते, आणि पुष्कळांचा समज असा की दोष तेवढ्याने संपला. तो संपत नाही. कडा जुळल्या तरी दृष्टिकोन वरच्या भिंगाचाच राहतो: कारागिराच्या हातातल्या आरीचे टोक काचेवर जिथे मागच्या पांढऱ्या भिंतीवर उठून दिसते, तिथे फोटोत ते काळ्या कातड्यावर येऊन हरवू शकते. उपाय एकच आहे. कॅमेरा स्टँडवर ठेवावा, वरच्या भिंगातून रचना ठरवावी आणि मग स्टँडचा मधला दांडा त्या चार-पाच सेंटिमीटरने उचलून खालचे भिंग वरच्याच्या जागी आणावे. शिवाय रोलिफ्लेक्ससारखा टीएलआर जास्तीचे भिंग न लावता साधारण एक मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही, आणि फोटोच्या अ‍ॅपर्चरला पुढचे-मागचे किती स्पष्ट येणार हेही काचेवर पाहता येत नाही. हॅसलब्लॅडच्या भिंगामागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे भिंग पुढे सरकवणारी पोकळ नळी, लावली की वेणीचा एकेक पदर दिसतो तसाच फिल्मवर येतो.

फिल्टरचेही असेच. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, फिरवत परिणाम पाहायचा तर एसएलआरवर तो लावल्या जागीच फिरवता येतो. टीएलआरवर तो आधी वरच्या भिंगावर फिरवून खूण लक्षात ठेवायची आणि त्याच खुणेवर खालच्या भिंगाला लावायचा. उलट गडद लाल फिल्टर लावला की एसएलआरची काच काळवंडते, टीएलआरची जशीच्या तशी राहते. फ्लॅशच्या बाबतीत मात्र फरक शोधू नये: दोन्हींत शटर भिंगातच असल्यामुळे फ्लॅश 1/500 पर्यंत कोणत्याही वेगाला जुळतो.

प्रवासाचा हिशेब वेगळा आहे, आणि तो घरी बसून करता येत नाही. रोलिफ्लेक्स 3.5एफ सव्वा किलोच्या आसपास भरतो, हॅसलब्लॅड 80 मिलिमीटरच्या भिंगासह आणि मॅगझिनसह, म्हणजे मागे बसणाऱ्या फिल्मच्या सुट्या डब्यासह, दीड किलोच्या आसपास. पाव किलोचा फरक जोतिबाच्या पायऱ्या चढताना फारसा वाटत नाही. परंतु टीएलआरवाला एक कॅमेरा आणि खिशात चार रोल घेऊन निघतो, तर एसएलआरवाला दुसरे भिंग, जास्तीचे मॅगझिन आणि ते ठेवायला पिशवी घेतल्याशिवाय राहत नाही, कारण ते सगळे बदलता येते हेच त्या कॅमेऱ्याचे बळ आहे. (मामिया सी330 या टीएलआरची भिंगेही बदलतात, पण तो हॅसलब्लॅडहूनही जड.) बदलत्या मॅगझिनचा उपयोग पावसाळ्यात गगनबावड्याला जाताना कळतो. खाली उसाच्या फडावर ऊन असते, घाट चढला की धुके. एका मॅगझिनमध्ये 100 ची रंगीत आणि दुसऱ्यात 400 ची कृष्णधवल फिल्म ठेवून पाच फ्रेमनंतरही अदलाबदल करता येते. फक्त मॅगझिन काढण्याआधी पातळ पत्र्याची डार्क स्लाइड आत सरकवलेली हवी. ती आत असताना बटण दाबले जात नाही, आणि बाहेर असताना मॅगझिन सुटत नाही; जुना कॅमेरा घेताना हे दोन्ही तपासून घ्यावे.

महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाताना चिंता नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावरून जाताना मात्र रोल कधीही चेक-इनच्या सामानात टाकू नयेत, कारण तिथले क्ष-किरण अधिक तीव्र असतात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे काढून हातात ठेवावेत आणि हाताने तपासण्याची नम्रपणे विनंती करावी. ती मान्य होईलच असे नाही, म्हणून वेगवान, म्हणजे 400 सारख्या मोठ्या आकड्याची, फिल्म कमी न्यावी. इथेही दोन कॅमेऱ्यांत फरक पडतो. एसएलआरचे भरलेले मॅगझिन सोडवून रोलांसोबत वेगळे ठेवता येते आणि रिकामा कॅमेरा उघडून दाखवता येतो. टीएलआरमध्ये अर्धा रोल असेल आणि अधिकाऱ्याने मागचे दार उघडायला सांगितले तर त्या फ्रेम गेल्या. म्हणून विमानतळ गाठण्यापूर्वी रोल संपवून, गुंडाळून, चिकटपट्टी लावून बाहेर काढावा.

आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत दोन्ही कॅमेऱ्यांच्या भिंगांत बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवणे आणि पंधरवड्यातून एकदा बाहेर काढून सगळे वेग चालवून पाहणे, एवढे केले तरी पुष्कळ होते. नादुरुस्तीचे प्रकार मात्र निराळे. हॅसलब्लॅडचे भिंग काढताना कॅमेरा चावी दिलेल्या स्थितीत नसेल तर भिंग पुन्हा बसवताना तो अडकतो, आणि अडकलेला कॅमेरा जोर लावून सोडवायला जाणे म्हणजे आतला खिळा मोडणे. त्यामुळे आधी दांडी फिरवायची, मग भिंग सोडायचे, हा क्रम हाताला इतका सवयीचा व्हायला हवा की विचार करावा लागू नये. मॅगझिनमधले स्पंज कुजले की फ्रेमच्या एका कडेला उजेडाची रेघ येऊ लागते. ते बदलण्याचे काम स्वस्त आणि सोपे आहे.

टीएलआरचा खरा आजार दिसत नाही, तो मोजावा लागतो. कॅमेरा कधी पडला असेल किंवा कुणी वरचे भिंग साफ करण्यासाठी उघडून अदमासे बसवले असेल, तर दोन्ही भिंगांचा फोकस एकमेकांशी जुळत नाही आणि काचेवर लख्ख दिसलेला चेहरा फिल्मवर मऊ येतो. विकत घेण्यापूर्वी मागचे दार उघडावे, फिल्म जिथून सरकते त्या पट्ट्यांवर दुधी काचेचा तुकडा किंवा ताणलेला ट्रेसिंग पेपर ठेवावा, शटर ‘बी’ वर लावून उघडे धरावे, आणि घराच्या गच्चीवरून लांबवरच्या जोतिबाच्या डोंगराची कड वरच्या काचेवर अगदी टोकदार करावी. मग वस्तू मोठी दाखवणाऱ्या हातभिंगाने मागच्या काचेवर किंवा कागदावर पाहावे. तिथेही डोंगराची कड तितकीच टोकदार असेल तर कॅमेरा घ्यावा. ती पसरलेली दिसली तर भिंग नीट बसवून देणारा जाणकार माणूस हाताशी असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.