दाननिधीसाठी विकली जाणारी एकमेव स्पोर्ट बाइक

एखाद्या संस्थेसाठी पैसा उभा करायचा म्हणून मुद्दाम घडवलेली किंवा बाजूला काढलेली, जिच्यासारखी दुसरी नाही अशी मोटारसायकल. ती बहुतेक वेळा लिलावात विकतात, क्वचित सोडत काढतात. ‘एकमेव’ या शब्दाचा अर्थ मात्र दर वेळी तोच नसतो. कधी मर्यादित आवृत्तीतला ठरावीक क्रमांक एकमेव असतो, कधी साध्या गाडीवरचा रंग, तर कधी टाकीवरची सही. संपूर्ण गाडी एकच घडवली, असे फार थोड्या वेळा होते.

स्पोर्ट बाइकच्या बाबतीतले ठळक उदाहरण डुकाटी या इटालियन कंपनीचे आहे. अमेरिकी स्वार कार्लिन डन याने २०१२ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या डोंगरावरच्या शर्यतीत ती चढण मोटारसायकलवर प्रथमच दहा मिनिटांच्या आत सर केली (९ मिनिटे ५२.८१९ सेकंद). ३० जून २०१९ रोजी त्याच शर्यतीत, शेवटची रेषा जवळ आलेली असताना, डुकाटीच्या स्ट्रीटफायटर व्ही-४ चा प्रोटोटाइप (विक्रीआधीचा चाचणी-नमुना) चालवताना तो मरण पावला. त्याच सुमारास कंपनी १९९४ च्या ९१६ मॉडेलच्या पंचविशीनिमित्त पानिगाले व्ही-४ ची ५०० गाड्यांची आवृत्ती काढत होती. त्यातली पाचव्या क्रमांकाची गाडी डनच्या स्मरणार्थ ईबे या ऑनलाइन बाजारावर लिलावाला ठेवली गेली, कारण ५ हा त्याचा शर्यतीचा क्रमांक. यंत्र म्हणून ही गाडी उरलेल्या ४९९ गाड्यांसारखीच: ११०३ सीसीचे इंजिन, ड्राय क्लच, मॅग्नेशियमची फोर्ज्ड चाके, अक्रापोविच कंपनीचा टायटॅनियमचा सायलेन्सर. फरक हँडलखालच्या पट्टीवर, म्हणजे मेकॅनिक जिला ‘वरची टी’ म्हणतात तिच्यावर कोरलेल्या आकड्याचा. बोली लागते ती त्या आकड्याला.

हे एका स्पोर्ट नसलेल्या गाडीवरून आणखी स्पष्ट दिसते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांना भेट मिळालेली हार्ले-डेव्हिडसन डायना सुपर ग्लाइड, टाकीवर त्यांच्या सहीसह, ६ फेब्रुवारी २०१४ रोजी पॅरिसमध्ये बॉनहॅम्स या लिलावगृहाच्या लिलावात गेली. अंदाज १२ ते १५ हजार युरोंचा होता, विक्री २,४१,५०० युरोंना झाली. पैसा रोममधील कारितास या कॅथलिक सेवाभावी संस्थेच्या निवारागृहासाठी व अन्नछत्रासाठी होता. आपल्याकडे, २०१८ मध्ये बाजारात परतलेल्या जावाने सुरुवातीच्या चेसिस नंबरांच्या १३ गाड्या लिलावात काढून हुतात्म्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी सुमारे १.४३ कोटी रुपये जमवले. पहिल्या गाडीला ४५ लाख मिळाले. शोरूममध्ये तीच गाडी पावणेदोन लाखांच्या आत होती. चार अश्वशक्ती वाढवण्यावर वर्कशॉपमध्ये महिनाभर घालवणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

रंग आणि सही: बहुतेक गाड्यांचे वेगळेपण रंगातच असते आणि बहुतेक गाड्या बिघडतातही तिथेच. फेअरिंग, म्हणजे गाडीचे बाहेरचे आवरण, बहुधा एबीएस प्लास्टिकची असते. ती पुसायला लॅकर थिनर वापरला की पृष्ठभाग विरघळतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. कारखान्याचा रंग शाबूत असेल तर ६०० ते ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून फक्त चमक घालवायची. प्लास्टिक उघडे पडले असेल तर आधी अॅडहिजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरून राहावा म्हणून मारायचा थर), मग प्रायमर. त्यावर बेस कोट म्हणजे रंगाचा थर, स्टिकर आणि शेवटी टू-के क्लिअरचे, म्हणजे हार्डनर मिसळलेल्या पारदर्शक लेपाचे, दोन-तीन हात. भट्टीत ६० अंशांच्या वर गेल्यास पॅनल वाकते आणि स्क्रूची भोके जुळत नाहीत. नवख्या रंगाऱ्याला हे कळते ते गाडी जोडायला बसल्यावर.

सही क्लिअर कोटवर घेतली तर पेट्रोलच्या एका ओघळाने किंवा पॉलिशच्या फडक्याने जाते. म्हणून ती बेस कोटवर घेऊन वरून क्लिअर मारतात. पण पहिलाच हात ओला मारला तर क्लिअरमधल्या सॉल्व्हंटने शाई पसरते आणि नावाची पिसे होतात. ऑइल पेंट मार्कर वापरावा, शाई किमान २४ तास वाळू द्यावी, पहिले दोन हात धुक्यासारखे कोरडे मारावेत. हे सगळे आधी टाकाऊ पॅनलवर करून पाहावे, कारण सही करणारा माणूस दुसऱ्यांदा मिळत नाही. सही होताना काढलेला, चेसिस नंबर दिसेल असा फोटो कागदपत्रांत हवाच. तो नसेल तर पुढच्या विक्रीत ती सही म्हणजे नुसती रेघोटी.

कागदपत्रे: शर्यतीची गाडी किंवा प्रोटोटाइप विकायचा असेल तर तो रस्त्यासाठी मंजूर नाही, हे जाहिरातीतच लिहावे लागते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल केलेली गाडी अडचणीत येते. रंग बदलला तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्यामुळे सायलेन्सर, इंडिकेटर, नंबरप्लेटचा स्टँड हे मूळ भाग खोक्यात घालून गाडीसोबतच द्यावेत. सोडतीचा मोह टाळलेला बरा: तिकिटे विकून नशिबावर बक्षीस देणे ही लॉटरी ठरते आणि परवानगीशिवाय ती चालवणे गुन्हा आहे. अमेरिकेत धर्मादाय लिलावात घेतलेल्या वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कमच देणगी म्हणून करसवलतीला धरतात, म्हणून संस्थेने बाजारभावाचा अंदाज विक्रीआधीच जाहीर केलेला बरा. लिलावगृहाचे कमिशन हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, चढते. ‘इतक्याला विकली’ आणि ‘संस्थेला इतके मिळाले’ हे दोन आकडे वेगळे असू शकतात. करारात दोन्ही लिहून घ्यावेत.

विक्रीनंतर: अशा गाड्या सहसा चालवल्या जात नाहीत, आणि उभ्या राहूनच खराब होतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा ओढते, म्हणून टाकी आणि इंजेक्शनची लाइन रिकामी करावी. लिथियम बॅटरीला लेड-अॅसिडचा साधा चार्जर लावू नये. डॉट ४ ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालली नसली तरी. दोन्ही चाके पॅडॉक स्टँडवर (चाक जमिनीवरून उचलून धरणाऱ्या घोडीवर) उचलून ठेवावीत, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात. मॅग्नेशियमच्या चाकाचा रंग उडाला तर तिथून पांढरा बुरशीसारखा गंज धरतो, आणि मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत तो धरायला फार वेळ लागत नाही. टायर बदलताना तो उचकटायच्या लोखंडी पट्टीचे ओरखडे रिमच्या कडेला पडतात, तेव्हा ते काम प्लास्टिकचे रिम-गार्ड लावूनच करून घ्यावे.